पाटीवरची पॅथी आणि पुडीतले औषध

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७१ व्या फेरीत, जानेवारी ते जून २०१४ या काळात, देशभरातील कुटुंबांना विचारण्यात आले की गेल्या पंधरा दिवसांत घरात कोण आजारी पडले आणि त्याने कोणते उपचार घेतले. सुमारे ९० टक्के आजारांवर लोकांनी ॲलोपॅथीचे उपचार घेतले होते. आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी इत्यादी पद्धतींचा एकत्रित वाटा पाच ते सात टक्क्यांच्या आसपास होता. त्यानंतर केवळ आयुष पद्धतींसाठी घेतलेली पहिली देशव्यापी पाहणी ७९ व्या फेरीत, जुलै २०२२ ते जून २०२३ दरम्यान, झाली. १,८१,२९८ कुटुंबांपर्यंत ती पोहोचली. तिच्या निष्कर्षांनुसार ग्रामीण भागातील सुमारे ४६ टक्के आणि शहरी भागातील सुमारे ५३ टक्के लोकांनी वर्षभरात आयुषचा वापर केला होता.

एवढ्या थोड्या वर्षांत देशाचा कल असा पालटला असेल काय? पालटला होता तो मुख्यतः प्रश्न. पहिल्या पाहणीत पंधरा दिवसांतील प्रत्यक्ष आजार मोजले होते. दुसरीत १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींचा ३६५ दिवसांतील वापर मोजला होता, आणि त्यात रोगप्रतिबंध व शरीरसंवर्धन यांसाठी केलेला वापरही धरला होता. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. मात्र होमिओपॅथीचा डॉक्टर दिवसभर दवाखान्यात नेमके काय करतो आणि त्याच्यासमोर कोणता रुग्ण बसतो, हे या दोहोंतूनही कळत नाही. हे न कळण्यामागे एक इतिहास आहे, आणि त्याचा बराचसा भाग दिल्लीत घडला आहे.

होमिओपॅथीचे प्रवर्तक सॅम्युएल हानेमान यांचा ‘ऑर्गनॉन’ हा ग्रंथ १८१० मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाची हकिगत सविस्तर ऐकावी, लक्षणे बारकाईने टिपावीत आणि त्या एका रुग्णाला जुळेल असे औषध निवडावे, ही त्यांची शिकवण होती. भारतात या पद्धतीला प्रतिष्ठा मिळवून देणारे कलकत्त्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार पाश्चात्त्य वैद्यकाचे उच्च पदवीधर होते. आरंभी ते होमिओपॅथीचे कडवे टीकाकार होते. पुढे तिचे साहित्य वाचून आणि रुग्णांना प्रत्यक्ष पाहून त्यांचे मत पालटले, आणि १८६७ मध्ये त्यांनी ते जाहीरपणे मांडले. समव्यवसायींनी त्यांना वाळीत टाकले. याच सरकारांनी १८७६ मध्ये ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था स्थापन केली. चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे १९२८ चे नोबेलविजेते संशोधन तिथलेच. रुग्णांना डोळ्यांनी पाहून मत बनवणे ही सरकारांची वृत्ती वैज्ञानिकाचीच होती. परंतु औषध न घेतलेल्या तशाच रुग्णांशी तुलना करण्याची पद्धत तेव्हा रूढ झालेली नव्हती.

पुढे हा विषय राज्यसंस्थेच्या हाती गेला. होमिओपॅथीला मान्यता द्यावी असा ठराव १९३७ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात संमत झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये होमिओपॅथिक चौकशी समिती नेमण्यात आली. १९५६ मध्ये दिल्लीसाठी स्वतंत्र होमिओपॅथिक कायदा झाला, १९६७ मध्ये डिफेन्स कॉलनीत नेहरू होमिओपॅथिक महाविद्यालय उभे राहिले आणि १९७३ मध्ये संसदेने केंद्रीय परिषदेचा कायदा केला. १९७५ मध्ये औषधांच्या तपासणीसाठी गाझियाबादला प्रयोगशाळा सुरू झाली, तर १९७८ मध्ये स्वतंत्र संशोधन परिषद स्थापन झाली. तिचे मुख्यालय आज दिल्लीच्या जनकपुरीत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नरेला येथील राष्ट्रीय होमिओपॅथी संस्थेचे उद्घाटन झाले.

या साऱ्या घडामोडींतून नोंदवही सिद्ध झाली. कोण पदवीधर, कोण नोंदणीकृत, कोणते महाविद्यालय मान्य, याचा हिशेब राज्याकडे आला. नोंदवहीत डॉक्टरचे नाव सापडते. त्याने आज सकाळी ताप आलेल्या मुलाला काय दिले, हे मात्र सापडत नाही.

घराघरांत जाऊन विचारणा करणाऱ्या पाहण्यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या दिल्लीतील संख्याशास्त्र संस्थेने १९ राज्यांतील ३५ जिल्ह्यांत केलेली पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. आजारी व्यक्तींपैकी सुमारे १४ टक्क्यांनी भारतीय पद्धती व होमिओपॅथी यांचा आधार घेतल्याचे तीत आढळले. दुष्परिणाम नाहीत आणि खर्च कमी, ही पसंतीची मुख्य कारणे होती. गुण सावकाश येतो, हे नापसंतीचे कारण होते. येथेही रुग्णाने सांगितलेली ‘पॅथी’ हीच नोंद ग्राह्य धरलेली होती. पुडीतल्या गोळ्या कोणत्या होत्या, हे पुष्कळदा रुग्णालाही ठाऊक नसते.

पुडीपर्यंत पोहोचण्याचे काम दिल्लीतील एका अभ्यासमालेने केले. जिष्णू दास आणि जेफ्री हॅमर या अर्थशास्त्रज्ञांनी, तसेच मानववंशशास्त्रज्ञ वीणा दास व रणेंद्रकुमार दास यांनी, या शतकाच्या आरंभी दिल्लीतील निरनिराळ्या उत्पन्नगटांच्या सात वस्त्यांत डॉक्टरांचा आणि कुटुंबांचा अभ्यास केला. प्रथम डॉक्टरांना काल्पनिक रुग्णांच्या हकिगती सांगून ते कोणते प्रश्न विचारतील हे पाहिले गेले: अतिसार झालेले मूल, घसा दुखणारा माणूस, क्षयरोगी, नैराश्याने ग्रासलेली व्यक्ती, गरोदरपणात रक्तदाब वाढलेली स्त्री. नंतर निरीक्षक प्रत्यक्ष दवाखान्यात बसले. एका रुग्णाच्या वाट्याला सरासरी जेमतेम चार मिनिटे आणि तीनेक प्रश्न येत होते. डॉक्टरला जेवढे ठाऊक होते, तेवढेही तो पुष्कळदा करीत नव्हता.

या वस्त्यांतील खासगी डॉक्टरांत एमबीबीएस होते, तसेच अन्य पद्धतींचे पदवीधर आणि काहीच पदवी नसलेलेही होते. गरीब वस्त्यांत पाटीवर पॅथी कोणतीही असो, सल्ला आणि औषध मिळून थोडी रक्कम घ्यायची आणि दोन-तीन दिवसांच्या आधुनिक औषधांच्या गोळ्या बांधून द्यायच्या, हा सर्रास प्रघात होता. गुण आला नाही तर रुग्ण दुसऱ्या दवाखान्यात जाई. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला ताप आजच उतरायला हवा असतो, आणि त्या गरजेभोवती हा सारा व्यवहार उभा होता. हानेमान यांना अभिप्रेत असलेली दीर्घ विचारपूस तिथे परवडणारी नव्हती.

या प्रघाताचे परिणाम न्यायालयापर्यंत पोहोचले ते मुंबईतील एका प्रकरणामुळे. १९९२ मध्ये होमिओपॅथीच्या एका डॉक्टरने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली. आजार बळावला आणि रुग्ण दगावला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की ज्या पद्धतीचे शिक्षण नाही त्या पद्धतीने उपचार करणे हा निष्काळजीपणाच होय. रुग्णाच्या पत्नीला तीन लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथांना मर्यादित परवानगी दिली. अशा डॉक्टरांच्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेतील नोंदणीवरून २०२५ मध्ये राज्यात पुन्हा संघर्ष उभा राहिला. डॉक्टरांच्या टंचाईचा दाखला एका बाजूने दिला गेला, रुग्णाच्या सुरक्षिततेचा दुसऱ्या बाजूने. होमिओपॅथ आज प्रत्यक्षात किती आणि कोणती आधुनिक औषधे देतात, याची राज्यभराची विश्वासार्ह मोजणी हाताशी असती तर हा वाद अधिक ठोस पायावर झाला असता.

पाहणीची मर्यादाही येथेच स्पष्ट करायला हवी. इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या होमिओपॅथिक रुग्णालयाने ६,५४४ रुग्णांचा सहा वर्षांचा पाठपुरावा २००५ मध्ये प्रसिद्ध केला. ७०.७ टक्के रुग्णांनी आपल्याला बरे वाटल्याचे सांगितले. पण या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. बरेच आजार आपोआप ओसरतात, आणि ऐकून घेणाऱ्या डॉक्टरमुळेही दिलासा मिळतो. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये होमिओपॅथीच्या ११० चाचण्यांची आधुनिक वैद्यकाच्या ११० चाचण्यांशी तुलना प्रसिद्ध झाली. मोठ्या आणि काटेकोर चाचण्यांपुरते पाहिले असता होमिओपॅथीचा परिणाम निरौषधी गोळीच्या परिणामाशी सुसंगत निघाला. किती लोक जातात, हे पाहणी सांगते. औषध लागू पडते का, हे चाचणीच सांगू शकते. आयुषच्या वापराचा ५३ टक्क्यांचा आकडा परिणामकारकतेचा पुरावा म्हणून मांडणे म्हणूनच चुकीचे आहे.

यापुढील पाहणीने दवाखान्यात बसून साध्या गोष्टी टिपायला हव्यात: रुग्ण कोणत्या तक्रारीने आला, त्याआधी कुठे जाऊन आला, किती वेळ तपासला गेला, पुडीत काय होते आणि गंभीर लक्षणे दिसल्यावर त्याला मोठ्या रुग्णालयात वेळेवर पाठवले का. पुडीत प्रतिजैविके किंवा स्टिरॉइड असतील, तर ते कळण्याचा हक्क सर्वप्रथम रुग्णाचा आहे. कारण पुढच्या दवाखान्यातला डॉक्टर त्यालाच विचारणार असतो, आधी कोणते औषध घेतले होते.