त्रिकुटातला तिसरा : श्रेष्ठ ड्रमर कोण?

गिटार, बास गिटार आणि ड्रम या तीनच वाद्यांवर उभ्या असलेल्या रॉक वाद्यवृंदाला ‘पॉवर ट्रिओ’ म्हणतात. १९६६ च्या उत्तरार्धात लंडनमध्ये ‘क्रीम’ आणि ‘द जिमी हेंड्रिक्स एक्सपिरियन्स’ ही दोन त्रिकुटे काही महिन्यांच्या अंतराने जन्माला आली आणि हा प्रकार रूढ झाला. अशा त्रिकुटांतील श्रेष्ठ ड्रमर कोण, हा रसिकांमधला वादही तेव्हापासूनचाच. जिंजर बेकर, मिच मिचेल, नील पिअर्ट आणि स्टुअर्ट कोपलंड ही नावे या वादात हमखास निघतात. मात्र त्यांची तुलना करण्यापूर्वी त्रिकुटातील ड्रमरवर नेमकी कोणती जबाबदारी असते, हे समजून घ्यायला हवे.

चार-पाच जणांच्या वाद्यवृंदात मुख्य गिटारवादक एकल वादनाला लागला की दुसरा गिटारवादक किंवा कीबोर्डवादक खाली स्वरांचा आधार धरून ठेवतो. त्रिकुटात हा आधारच नसतो. गिटार उंच भरारी घेते, तेव्हा खाली उरतात फक्त बास आणि ड्रम. अशा वेळी ड्रमरपुढे दोन मार्ग असतात. ठेका घट्ट धरून वादकाला निर्धास्त करायचे, किंवा रिकामी झालेली जागा स्वतः भरून काढायची. साथ कुठे संपते आणि संवाद कुठे सुरू होतो, हा तबल्याच्या साथीबाबत आपल्याकडे नेहमी रंगणारा वाद तत्त्वतः हाच आहे.

बेकर : तालाची भाषा

‘क्रीम’चे जिंजर बेकर (१९३९-२०१९) मूळचे जॅझच्या परंपरेतले. फिल सीमन या ब्रिटिश जॅझ ड्रमरकडून त्यांना आफ्रिकी तालांची गोडी लागली. पुढे १९७० च्या दशकात ते नायजेरियात राहिले आणि फेला कुटी यांच्याबरोबर त्यांनी वादन केले. दोन बास ड्रमचा संच रॉकमध्ये लोकप्रिय करण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर त्यांना दिले जाते. १९६८ च्या ‘व्हील्स ऑफ फायर’ या अल्बममधील ‘टोड’ हे वादन १६ मिनिटांहून अधिक चालते आणि त्याचा बहुतांश भाग एकट्या ड्रमचा आहे. चाहत्यांना ते रॉकमधील ड्रमच्या एकल वादनाचे शिखर वाटते, तर टीकाकारांना पुढील कंटाळवाण्या अनुकरणांचे मूळ. बेकर आणि बासवादक जॅक ब्रूस यांचे वैर जुने होते. ते आणि मंचावर सतत चढत गेलेला आवाज, या दोन्ही गोष्टी ‘क्रीम’च्या अल्पायुष्याला कारणीभूत ठरल्या. नोव्हेंबर १९६८ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये या त्रिकुटाने निरोप घेतला.

मिचेल आणि माइल्स : एक गिटार, दोन ड्रमर

मिच मिचेल (१९४६-२००८) हेही जॅझच्या प्रभावातले. एल्व्हिन जोन्स हे त्यांचे आदर्श. हेंड्रिक्सच्या त्रिकुटासाठी मिचेल की एन्स्ली डनबार, हा निर्णय नाणे उडवून झाला, हा किस्सा प्रसिद्ध आहे. १९६७ च्या पहिल्या अल्बममधील ‘मॅनिक डिप्रेशन’ तीन मात्रांच्या झुलत्या लयीत आहे. त्यात मिचेल यांचे ड्रम गिटारच्या मागून चालत नाहीत, तिच्याशी बरोबरीने बोलतात.

या वादात सहसा न मिळणारा पुरावा हेंड्रिक्सच्या चरित्रातच सापडतो. १९६९ ची अखेर आणि १९७० चा पहिला दिवस या दोन रात्री न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात तो ‘बँड ऑफ जिप्सीज’ या नव्या त्रिकुटासह उभा राहिला. बासवर बिली कॉक्स होते आणि ड्रमवर बडी माइल्स. माइल्स यांचा ठेका भारदस्त, सरळ आणि न ढळणारा होता. तिथल्या ‘मशिन गन’मध्ये गिटारचे दीर्घ, ताणलेले स्वर त्या ठेक्यावर निश्चिंतपणे विसावतात. मिचेल यांच्याबरोबर तीच गिटार अधिक चपळ आणि अधिक अस्वस्थ भासते. यात एकाचे बरोबर आणि दुसऱ्याचे चूक, असे म्हणता येत नाही. परंतु ड्रमर बदलला की गिटारवादकाचा स्वभावही बदलतो, एवढे मात्र निर्विवाद ठरते.

पिअर्ट आणि कोपलंड : दोन टोके

कॅनडाच्या ‘रश’मध्ये जॉन रट्सी यांच्या जागी नील पिअर्ट (१९५२-२०२०) जुलै १९७४ मध्ये आले. विषम मात्रांची गुंतागुंत, आधीच आखून घेतलेले वादन आणि वाद्यांचा विशाल संच ही त्यांची ओळख. १९८१ च्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’मधील ‘वाय वाय झेड’ या वादनाचा आरंभ टोरांटो विमानतळाच्या संकेताक्षरांच्या मोर्स लिपीतील ठोक्यांवर बेतलेला आहे. त्यांच्या वादनात नेमकेपणा आहे, पण झोका नाही, असा आक्षेप घेतला जाई. कीर्तीच्या शिखरावर असताना १९९० च्या दशकात पिअर्ट फ्रेडी ग्रूबर या ज्येष्ठ शिक्षकाकडे शिकायला गेले आणि काठी धरण्यापासून सारे त्यांनी नव्याने गिरवले. वयाच्या चाळिशीनंतर असे धाडस करणारे कलावंत विरळाच.

‘द पोलीस’चे स्टुअर्ट कोपलंड यांचे बळ याच्या उलट, गाळण्यात आहे. जमैकाच्या रेगे संगीतातील एका प्रसिद्ध ठेक्यात पहिली मात्रा मोकळी सोडून तिसरीवर वजन टाकले जाते. जणू समेवरच मौन! बालपणाचा मोठा काळ बैरूतमध्ये घालवलेल्या कोपलंड यांनी ही रीत रॉकमध्ये मुरवली आणि हाय-हॅटच्या झांजांवर बारीक नक्षी काढली. मुंबईकरांनी हे वादन समोर बसून ऐकले आहे. मार्च १९८० मध्ये ‘द पोलीस’चा कार्यक्रम धोबीतलावच्या रंगभवनात झाला होता.

श्रेय कोणाचे?

या वादाला केवळ आवडीनिवडीचे नव्हे, तर हक्काचेही अंग आहे. गाण्याचे कर्तेपण प्रामुख्याने शब्द आणि सुरावट यांवरून ठरते, ठेका त्यात सहसा धरला जात नाही. ‘सनशाइन ऑफ युवर लव्ह’ची ओळखच बनलेला तो जड, उलट्या वजनाचा ठेका बेकर यांचा. तो आपल्या सूचनेवरून आला, असा दावा ध्वनिमुद्रक टॉम डाउड यांनीही केला. गाण्याच्या कर्त्यांमध्ये मात्र ब्रूस, क्लॅप्टन आणि गीतकार पीट ब्राउन यांचीच नावे आहेत. ‘व्हाइट रूम’च्या आरंभीचा पाच मात्रांचा ठेका आपला, असेही बेकर सांगत. श्रेयही नाही आणि मानधनातला वाटाही नाही, ही खंत त्यांनी अखेरपर्यंत बोलून दाखवली. कोपलंड आणि गिटारवादक अँडी समर्स यांनीही मानधनाच्या हिश्श्यावरून २०२५ मध्ये स्टिंग यांच्याविरुद्ध लंडनच्या उच्च न्यायालयात धाव घेतली.

याउलट टेक्सासच्या ‘झेड झेड टॉप’मधील फ्रँक बिअर्ड यांचे वादन अगदी साधे, म्हणून श्रेष्ठांच्या यादीत त्यांचे नाव क्वचितच येते. पण १९७३ च्या ‘ला ग्रेंज’च्या कर्त्यांमध्ये तिघांचीही नावे आहेत. पिअर्ट यांना ‘रश’च्या गाण्यांत कर्तेपण मिळाले ते प्रामुख्याने गीतकार म्हणून. ‘वाय वाय झेड’सारख्या शब्दहीन रचनेवर त्यांचे नाव असणे हा अपवादच.

सर्वश्रेष्ठ कोण, याचे एकच उत्तर म्हणूनच संभवत नाही. कल्पकता हा निकष धरला तर मिचेल, तालाची व्याप्ती पाहिली तर बेकर, शिस्त पाहिली तर पिअर्ट आणि काटकसर पाहिली तर कोपलंड, अशी वाटणी करता येईल. खरी कसोटी मात्र निराळी आहे : तो ड्रमर काढून घेतला, तर ते त्रिकूट तेच राहील का? पिअर्ट यांच्या निधनानंतर गेडी ली आणि अ‍ॅलेक्स लाइफसन यांनी ‘रश’च्या नावाने दौरा करण्याचे अनेक वर्षे टाळले. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये जर्मनीच्या अनिका निलेस यांना सोबत घेऊन २०२६ च्या दौऱ्याची घोषणा त्यांनी केली. तीन जणांच्या मैफलीत तिसऱ्याची जागा किती मोठी असते, हे त्या मधल्या वर्षांच्या शांततेइतके कोणत्याही क्रमवारीने सांगितलेले नाही.