भोकातून आत डोकावण्याची दोनशे वर्षं

इंजिनाचं हेड न उघडता स्पार्क प्लगच्या भोकातून सिलिंडर तपासायचा, भिंत न फोडता मोरीचा पाइप कुठे तुंबलाय ते बघायचं, अशा कामांसाठी आज पेन्सिलीपेक्षा बारीक कॅमेरा हजार-दीड हजार रुपयांत मिळतो. तो मोबाइलला जोडला की काम सुरू. त्याच्या डोक्यात भिंगाभोवती सहा-आठ चिमुकले एलईडी दिवे असतात. गिऱ्हाईक पिक्सेल किती ते विचारतं. दिव्यांकडे त्याचं लक्ष नसतं. या यंत्राचा इतिहास मात्र मुख्यतः दिव्याचाच आहे. आत उजेड न्यायचा आणि त्याच भोकातून दृश्य बाहेर आणायचं, इथे भल्याभल्यांनी हात टेकले.

फ्रँकफर्टचा डॉक्टर फिलिप बोझिनी यानं १८०६च्या सुमारास शरीराच्या आत बघायचं आपलं उपकरण पुढे आणलं. पत्र्याचं, चामड्यानं मढवलेलं, फुलदाणीच्या घाटाचं. आत मेणबत्ती. तिचा उजेड आरशावरून नळीत जायचा आणि बघणाऱ्याचा डोळा ज्योतीच्या आडोशाला असायचा, म्हणजे दिपायला नको. उजेडाची आणि दृश्याची वाट वेगळी ठेवायची, ही त्याची खरी अक्कल. व्हिएन्नाच्या वैद्यक विद्याशाखेला मात्र ती पटली नाही. १८०९मध्ये टायफसनं बोझिनी गेला, तेव्हा तो जेमतेम पस्तिशीचा होता.

पुढची सत्तर वर्षं दिवा बहुतेक शरीराबाहेरच राहिला. १८७९च्या सुमारास माक्सिमिलियन निट्से यानं मूत्राशय तपासण्याच्या नळीच्या टोकाशीच विजेनं तापणारी प्लॅटिनमची तार बसवली. उजेड झकास पडला, पण तार इतकी तापायची की ती थंड ठेवायला नळीतून सतत पाणी खेळवावं लागे. रुग्णाचं काय होत असेल, हा विचार न केलेलाच बरा. पुढे एडिसनच्या दिव्याची छोटी आवृत्ती आली आणि हे पाणी बंद झालं.

डॉक्टरांइतकीच गरज इतरांनाही होती, आणि त्यातला सर्वांत रंजक मनुष्य इटलीचा. कार्लो लेरिची हा अभियंता आणि उद्योजक. १९५०च्या दशकात तो प्राचीन एट्रस्कन लोकांच्या थडग्यांमागे लागला. रोमच्या वायव्येला तार्क्विनिया आणि चेर्वेतेरी इथे खडकात कोरलेल्या या खोल्या जमिनीखाली हजारोंनी आहेत, पण बहुतेक चोरांनी कधीच धुऊन नेलेल्या. रिकामी खोली उकरण्यात पैसा आणि मोसम दोन्ही वाया जायचे. लेरिचीच्या माणसांनी जमिनीचा विद्युतरोध मोजून पोकळी हेरायची, छताला यंत्रानं भोक पाडायचं आणि त्यातून नळी सोडायची अशी रीत बसवली. नळीच्या टोकाला फ्लॅश आणि मिनॉक्स, म्हणजे हेरगिरीसाठी गाजलेला, मुठीत मावणारा कॅमेरा. नळी थोडी थोडी फिरवत चारी भिंती टिपायच्या, फिल्म धुवायची आणि मग खणायचं की नाही ते ठरवायचं. १९५८च्या मार्चमध्ये तार्क्विनियात अशाच एका शोधात रंगवलेल्या भिंती सापडल्या: रथांची शर्यत, धावणारे खेळाडू. दोन वर्षांनी रोममध्ये ऑलिंपिक भरणार होतं, त्यामुळे या थडग्याला ‘ऑलिंपिकचं थडगं’ असंच नाव पडलं.

फिल्मवाल्या यंत्रात एक अडचण होती. नळी आत असताना काय दिसतंय ते कळत नसे.

त्यावरचं उत्तर काचेच्या तंतूंत होतं. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवलं. त्यांचा लेख जानेवारी १९५४च्या ‘नेचर’मध्ये आला. तंतू एकमेकांना चिकटले की उजेड झिरपायचा. मिशिगन विद्यापीठात लॅरी कर्टिस यांनी प्रत्येक तंतूला वेगळ्या काचेचं वेष्टण दिलं आणि १९५७मध्ये बेसिल हिर्शोविट्झ यांनी अशा तंतूंची लवचीक दुर्बीण आधी स्वतःच गिळली.

ती महाग होती, आणि महागच राहिली. स्वस्ताईची वाट वेगळ्याच दिशेनं आली: अंतराळयानांवरचे कॅमेरे हलके करण्यासाठी एरिक फॉसम यांनी १९९०च्या दशकात नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेत घडवलेला सीमॉस सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, मोबाइलमध्ये शिरला, कोट्यवधींनी बनू लागला आणि कवडीमोल झाला. आता दृश्य तारेतून येतं; काचतंतू लागतच नाहीत.

असा कॅमेरा आज घेताना पिक्सेलच्या आकड्यांना भुलू नये. स्वस्त कॅमेऱ्याचा फोकस ठरावीक असतो, साधारण चार ते दहा सेंटिमीटर. त्याच्या अलीकडे-पलीकडे धूसर. गाडीच्या प्लगचं भोक बहुधा १४ मिलिमीटरचं, काही दुचाकींचं १० मिलिमीटरचं. तिथे ५.५ मिलिमीटरचं डोकं आरामात फिरतं. काजळी धरलेला सिलिंडर उजेड गिळतो, तर स्टीलचा पाइप तोच डोळ्यांवर फेकतो, त्यामुळे दिवे कमीजास्त करण्याची सोय हवीच. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, एवढाच भरवसा. बोअरवेलमध्ये हा कॅमेरा सोडायच्या फंदात पडू नये. तिथे पाण्याचा दाब झेलणारं कवच आणि ड्रमवर गुंडाळलेली लांब केबल लागते, आणि असं यंत्र एखाद्या वेळेपुरतं भाड्यानं बोलावणंच परवडतं.