अश्लीलतेचा शिक्का कोणाच्या हातात? 'बॉईज'-'टकाटक'चा वाद आणि आपला इतिहास

'बॉईज' हा मराठी चित्रपट २०१७ साली आला. बोर्डिंग शाळेतली पोरं, त्यांची मस्ती, द्व्यर्थी संवाद आणि वर सनी लिओनीचं गाणं. चित्रपट चालला. म्हणून २०१८ मध्ये दुसरा भाग आला, २०२२ मध्ये तिसरा आणि २०२३ मध्ये चौथा. मधल्या काळात, २०१९ साली 'टकाटक' आला आणि २०२२ मध्ये त्याचाही दुसरा भाग निघाला. या चित्रपटांनी मराठी प्रेक्षकाचे सरळ दोन गट पाडले. एक गट म्हणतो, ही मराठी संस्कृतीची विटंबना आहे, पोरं बिघडतील. दुसरा म्हणतो, चार घटका हसायला गेलो होतो, हसलो, तुमच्या पोटात का दुखते?

आपल्या वस्त्यांतही हेच दोन गट आहेत. विहारात बसणाऱ्या ज्येष्ठांना हे चित्रपट म्हणजे घाण वाटते. अकरावी-बारावीच्या पोरांच्या मोबाईलमध्ये त्यातलेच तुकडे फिरत असतात. चळवळीतले बहुतेक कार्यकर्ते ज्येष्ठांच्या बाजूने मान हलवतात आणि विषय संपवतात. आमचे म्हणणे असे, की विषय इथे संपत नाही, इथून सुरू होतो. कारण 'अश्लील' हा शब्द महाराष्ट्रात कधीच नुसता शब्द नव्हता. तो एक शिक्का आहे, आणि तो कोणी कोणाच्या कपाळावर मारला याचा इतिहास जातीचा इतिहास आहे. तो इतिहास बाजूला ठेवून आंबेडकरी माणसाने या वादात मत देऊ नये.

सुरुवात बाबासाहेबांपासूनच करू.

र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक चालवत होते. संततिनियमन, लैंगिक आरोग्य, स्त्रीचा कामसुखाचा हक्क, असे ज्या विषयांवर घरात कुजबुजही होत नसे, त्यांवर हा माणूस स्वच्छ मराठीत लिहीत असे. वाचक खाजगी शंका विचारत आणि कर्वे त्यांना शास्त्रीय उत्तरे देत. सनातन्यांना हे सहन झाले नाही. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र कोणी घेतले? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्या काळात बाबासाहेबांच्या मागे किती कामे होती याची कल्पना करा. गोलमेज परिषदा नुकत्याच आटोपल्या होत्या, पुणे कराराला दोन वर्षेही झाली नव्हती, नाशिकचा काळाराम मंदिराचा लढा संपलेला नव्हता. तरीही एका ब्राह्मण संपादकाच्या 'अश्लील' मासिकासाठी ते कोर्टात उभे राहिले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा साधा होता. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यावरून ते लेखन अश्लील ठरत नाही. लोकांना प्रश्न पडतात, त्यांना ज्ञान मिळालेच पाहिजे. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई कायदेमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, तो त्यांच्याच पक्षाचा होता आणि तो पी. जे. रोहम यांनी मांडला.

म्हणजे लैंगिकतेचे नाव काढताच कानावर हात ठेवणे ही आंबेडकरी परंपरा नाही. ती सनातन्यांची परंपरा आहे.

आता याच बाबासाहेबांचे दुसरे रूप पाहा. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात तमाशासम्राट पठ्ठे बापूराव यांनी आपल्या तमाशाचे उत्पन्न सत्याग्रहासाठी देऊ केले. बापूराव म्हणजे श्रीधर कृष्ण कुलकर्णी, जातीने ब्राह्मण. त्यांच्या फडाची शान होती पवळा, संगमनेरजवळच्या हिवरगाव पावशाची महार समाजातली कलावंतीण. चळवळीला पैशाची किती चणचण होती हे सर्वांना माहीत आहे. तरीही बाबासाहेबांनी ते पैसे नाकारले, कारण महार बायका नाचवून मिळालेला पैसा त्यांना महारांच्या मुक्तीसाठी नको होता. पुढे १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, पोतराज यांच्या सभेतही त्यांनी हेच ठणकावले, की हे लाजिरवाणे जिणे सोडा.

वरवर पाहणाऱ्याला इथे विसंगती दिसेल. एकीकडे 'अश्लील' मासिकाचा बचाव आणि दुसरीकडे 'अश्लील' तमाशाच्या पैशाला नकार! पण विसंगती नाही. दोन्ही ठिकाणी बाबासाहेबांची कसोटी एकच आहे. शब्द सोवळा आहे की ओवळा, हे ते पाहत नाहीत. यातून माणसाची माणुसकी वाढते की घटते, हे पाहतात. कर्व्यांच्या उत्तराने अज्ञानात चाचपडणारा माणूस शहाणा होत होता. फडावरच्या नाचात मात्र एका जातीच्या बाईचे शरीर दुसऱ्या जातींच्या मौजेसाठी मांडले जात होते, आणि वर तिलाच बदनाम केले जात होते.

ही बदनामी कशी घडली तेही समजून घेतले पाहिजे. उत्तर पेशवाईत लावणीला दरबारी आश्रय होता. रचणाऱ्यांत राम जोश्यांसारखे ब्राह्मण होते, दौलतजादा करणारे सरदार आणि पुढच्या काळात पाटील-इनामदार होते. नाचणाऱ्या मात्र प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या बायका. रचणारा 'शाहीर' झाला, पाहणारा 'रसिक' झाला आणि नाचणारी तेवढी 'अश्लील' ठरली. शैलजा पाईक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' या २०२२ च्या ग्रंथात नेमके हेच मांडले आहे. अश्लीलता ही नाचात नसून जातिव्यवस्थेने ती दलित स्त्रीच्या अंगाला चिकटवली आहे, आणि माणुसकी मिळवण्याची दलितांची धडपड या चिकटवलेल्या डागाशी झगडतच पुढे गेली आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी हे पुस्तक वाचले पाहिजे.

मग तमाशा नाकारल्यावर आपल्या लोकांनी हसणेही सोडले का? नाही! आणि याचे उत्तर आमच्या नाशिकच्या मातीत आहे. काळाराम सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. त्याच धामधुमीत, १९३१ साली भीमराव कर्डकांनी नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा उभा केला. या मंडळींनी तमाशाचा साचा घेतला. ढोलकी घेतली, सवाल-जवाब घेतले, सोंगाड्या घेतला. पण गवळणींची छेड काढणारी गवळण टाकली, बाई नाचवणे टाकले, स्त्रीची पात्रे पुरुषांनीच केली. विनोद मात्र भरपूर ठेवला. फरक एवढाच, की सोंगाड्याच्या टोल्याची दिशा बदलली. आधी तो बाईच्या अंगावर जायचा, आता तो भटजीवर, सावकारावर, नवसायासांवर आणि मृत मांस खाणाऱ्या आपल्याच माणसांवर जाऊ लागला. खेडोपाडी लोक पोट धरून हसले आणि घरी जाऊन देव्हारे रिकामे करू लागले. याच जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक पुढे हीच परंपरा घेऊन आयुष्यभर गावोगाव फिरले. मित्रांनो, हा आपला वारसा आहे. हसण्याला नकार देणारा नव्हे, हसण्याची दिशा बदलणारा.

सत्ताधाऱ्यांनी काय केले? स्वातंत्र्यानंतर लगेच, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने तमाशावर बंदी घातली. मग दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि संहिता तपासून घेण्याच्या अटीवर तमाशाला परवानगी मिळाली. ज्यांच्या पोटावर पाय आला त्या कलावंतिणींना पर्यायी रोजगार काय, शिक्षण काय, जमीन काय, याची फिकीर कोणाला होती? बाबासाहेबांनी आपल्या माणसांना सन्मानासाठी जुने जिणे सोडायला सांगितले होते. सरकारने सोवळेपणासाठी कात्री चालवली. या दोन गोष्टी एक नाहीत.

आणि गंमत पाहा. तमाशाच्या बोर्डावरून जो द्व्यर्थी विनोद पुसायचा होता, तोच पडद्यावर आला तेव्हा त्याने तिकीटबारीचे विक्रम केले. नायगावच्या गिरणगावात वाढलेले दादा कोंडके, 'विच्छा माझी पुरी करा'ने रंगभूमीवर गाजले आणि १९७१ च्या 'सोंगाड्या'ने घराघरांत पोचले. ओळीने नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवामुळे त्यांचे नाव गिनीज बुकात गेले. तेव्हाही प्रेक्षक असाच दुभंगला होता. पांढरपेशे नाक मुरडत होते, कष्टकरी शिट्ट्या मारत होते. 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूर थिएटरात जागा मिळेना तेव्हा शिवसेना मध्ये पडली, आणि कालपर्यंत जे 'चावट' होते ते एका रात्रीत मराठी अस्मिता झाले. म्हणजे शिक्का मारता येतो तसा पुसताही येतो, फक्त पाठीशी ताकद हवी. विठाबाई नारायणगावकरांसारख्या कलावंतिणीच्या वाट्याला मात्र राष्ट्रपती पदक येऊनही अखेरचे दिवस हलाखीचेच आले.

आता या इतिहासाच्या उजेडात 'बॉईज' आणि 'टकाटक'कडे पाहू.

संस्कृती बुडाली म्हणून ओरडणाऱ्यांना आमचा पहिला प्रश्न. २००७ साली शाळांतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्रात तो कार्यक्रम रोखला गेला, तेव्हा तुम्ही कोणत्या बाजूला होतात? पोराला वर्गात उत्तर द्यायचे नाही, घरात द्यायचे नाही, आणि तो चावट चित्रपटात उत्तर शोधायला गेला की संस्कृतीच्या नावाने गळा काढायचा! रवी जाधव यांच्या २०१३ च्या 'बालक-पालक'ने हेच दाखवले होते. चाळीतली पोरे 'शेण खाल्ले' म्हणजे काय ते मोठ्यांना विचारतात, कोणी सांगत नाही, मग ती व्हीसीआरवर उत्तर शोधतात. शेवटी एक शहाणा शेजारी त्यांच्याशी नीट बोलतो. त्या चित्रपटात विशूची भूमिका करणारा प्रथमेश परबच पुढे 'टकाटक'चा नायक झाला. एकाच चेहऱ्याचे हे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात पोरांचा अडाणीपणा हा प्रश्न आहे. दुसऱ्यात अडाणीपणा हाच विकायचा माल आहे.

दुसरा प्रश्न आमच्या तरुण मित्रांना. हसा, जरूर हसा. पण हशा कोणावर आहे ते पाहा. या चित्रपटांत मुलगी बहुतेक वेळा माणूस नसते. ती पैज असते, शिकार असते, विनोदाचे निमित्त असते. कर्डकांच्या जलशाने जी गवळणीची छेड १९३१ साली टाकून दिली, तीच नव्वद वर्षांनी बॉलीवूडच्या गाण्यासकट परत आली आहे. आपल्या बहिणी-मैत्रिणींना शेजारी बसवून हे पाहता येते का? लाजेसाठी नव्हे, बरोबरीसाठी हा प्रश्न विचारा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या चित्रपटांतल्या पोरांना जात नाही. ती मुलींच्या मागे लागतात, पकडली जातात, फार तर मुख्याध्यापकांचा किंवा बापाचा मार खातात, आणि मध्यंतर होते. आपल्या पोरांचे वय असे निर्धास्त असते का? २८ एप्रिल २०१४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात १७ वर्षांच्या दलित मुलाला दिवसाढवळ्या मारून झाडाला टांगले गेले. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलण्याचा संशय एवढेच निमित्त होते. २०१७ साली, म्हणजे 'बॉईज' थिएटरात आला त्याच वर्षी, त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला जब्या शेवटी प्रेक्षकाकडे दगड भिरकावतो तो याचसाठी. पौगंडातली थट्टा ज्याला परवडते तो विशिष्ट जातीचा मुलगा असतो. हे या चित्रपटांतले सर्वांत मोठे असत्य आहे, आणि सेन्सॉर बोर्डाला त्यात कधी काही आक्षेपार्ह दिसणार नाही, कारण त्यात एकही वाईट शब्द नाही.

म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. बंदीची मागणी आपण करायची नाही. बंदीची कात्री सुटली की ती आधी आपल्याच कलावंतांच्या पोटावर फिरते, हे आपण पाहिले आहे. सरसकट टाळ्याही वाजवायच्या नाहीत. बाबासाहेबांची कसोटी लावायची, माणुसकी वाढते की घटते. आणि नुसती कसोटी लावून थांबायचे नाही. वस्तीतल्या विहारात मुलामुलींना एकत्र बसवून शरीर, संमती, प्रेम, जात या विषयांवर मोकळेपणाने बोलायला सुरुवात करायची. तिथे येणाऱ्या कोणत्याही प्रश्नाला 'घाण' म्हणायचे नाही. ज्यांना लिहिता, गाता, कॅमेरा धरता येतो त्यांनी आपला विनोद उभा करायचा. पांडवलेणीच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक आणि बुद्धविहार एकमेकांना लागून आहेत. नाशिकच्या तरुणाला तिथे सिनेमा आणि धम्म यांत निवड करावी लागत नाही.

कर्डकांच्या सोंगाड्याची जागा रिकामी आहे. ती 'बॉईज'ने भरली म्हणून कुरकुरण्यापेक्षा, ती कोण भरणार ते ठरवू या.

जयभीम!