म्हाइंभटांचे कान

१९५६पर्यंत आमच्या लांजीची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भ तिकडे गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. आज आमची मुले हिंदीत शिकतात. मराठी त्यांना मिळते ती आजीच्या तोंडून. म्हणून यंदा म्हाइंभटांची आठवण काढावीशी वाटली.

म्हाइंभट सराळ्याचे पंडित, वादविवादात तरबेज. असा माणूस गप्प बसून दुसऱ्याचे ऐकेल, हे कठीणच! पण श्रीचक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर त्यांनी तेच केले. रिद्धपूरला नागदेवाचार्यांच्या सहवासात राहून त्यांनी स्वामींच्या आठवणी जमवल्या. ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याकडूनच घ्यायचे, मग नागदेवाचार्यांकडून पडताळायचे. साध्या बायाबापड्यांचे बोलणेही त्यांनी तसेच उतरवले, त्यावर पंडिती चढवली नाही. एकच प्रसंग दोघांनी वेगळा सांगितला, तर दोन्ही ठेवले. अशा पाठभेदाला महानुभाव ‘वासना’ म्हणतात. १२७८च्या सुमारास यातून ‘लीळाचरित्र’ झाले, मराठीतला आद्य गद्यग्रंथ. पुढे मूळ पोथी नाहीशी झाली, तेव्हा स्मरणातून पाठ पुन्हा उभे राहिले. त्यांतला एक हिराइसा या बाईंच्या नावाने ओळखला जातो.

आमच्या घरी मात्र आजीने तोंड उघडले की नातू म्हणतो, हिंदीत सांग. आणि आम्ही मोठे तिची बोली ‘शुद्ध’ करू लागतो. मग ती गप्प बसते. यंदा आरतीनंतर मुलांनी वही घेऊन आजी-आजोबांजवळ बसावे, असे आमच्या मनात आहे. मध्ये कुणी बोलायचे नाही. दोन आज्यांनी गोष्ट वेगळी सांगितली, तर दोन्ही लिहायच्या.