कंट्रोल-ऑल्ट-डिलीट : तीन कळांचा इतिहास
आयबीएमचा पहिला पीसी १९८१ साली बाजारात आला. फ्लोरिडातील बोका रॅटन येथे तो तयार होत असताना प्रोग्रॅम वारंवार अडकत. वीज बंद करून पुन्हा सुरू केली, की मेमरीची तपासणी पहिल्यापासून चाले. हा वेळ वाचवण्यासाठी अभियंता डेव्हिड ब्रॅडली यांनी तीन कळा एकदम दाबून, ती तपासणी टाळून, संगणक पुन्हा सुरू करण्याची युक्ती काढली. आधीची कंट्रोल-ऑल्ट-एस्केप एकट्या डाव्या हाताने चुकून दाबली जाई; म्हणून एस्केपऐवजी लांबची डिलीट घेतली. प्रोग्रॅमरांपुरती योजलेली ही सोय पुढे घरोघरी पोचली. ‘विंडोज ९५’मध्ये तिने अडकलेला प्रोग्रॅम तेवढा बंद करता येऊ लागला, त्याच कळा पुन्हा दाबल्यास मात्र संगणकच नव्याने सुरू होई आणि सेव्ह न केलेले काम जाई. ‘विंडोज एनटी ४.०’पासून (१९९६) या कळांतून टास्क मॅनेजर उघडता येऊ लागला.