तिथं आपलं कोण हाय?

हदगावात एखाद्या पोरानं लांब शिकायला जायचं नाव काढलं की पैशाच्याही आधी घरात एक प्रश्न येतो : "तिथं आपलं कोण हाय?" या तालुक्यात शिक्षिका म्हणून माझं आयुष्य गेलं. आमच्याकडं कोण शिकलं आणि कोण राहिलं, हे बऱ्याचदा या प्रश्नाच्या उत्तरावरच ठरलं.

निजामाच्या राज्यात मराठवाड्याचे पाच जिल्हे होते आणि सरकारी कॉलेज एकच, औरंगाबादचं, तेही इंटरपर्यंत. पुढं पदवी घ्यायची तर हैदराबाद. तिथं १९१८ साली स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवायचं. म्हणजे नांदेड गाठून मीटरगेजची गाडी धरायची आणि वर्गात बसायचं ते दुसऱ्याच भाषेत. आईबाप कचरायचे, आणि त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मामा नाहीतर चुलता तिथं असला, तरच होकार यायचा.

वसमतजवळच्या कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर हैदराबादला शिकले ते मामांकडं राहून. मामा म्हणजे डॉ. ना. गो. नांदापूरकर, उस्मानियात मराठीचे प्राध्यापक. मराठीला मागं सारणाऱ्या राज्यात मराठी शिकवणाऱ्या माणसाचं ते घर! तसं घर मिळणं हे त्या मुलाचं मोठं भाग्य. हेच कुरुंदकर पुढं नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले.

ज्यांना असं घर नव्हतं ते वसतिगृहात राहायचे. १९३८ मध्ये तिथं 'वंदे मातरम्' म्हणायला बंदी आली, मुलांनी संप केला आणि त्यांना काढून टाकलं. तेव्हा कुलगुरू टी. जे. केदार यांनी नागपूर विद्यापीठाचं दार त्यांच्यासाठी उघडलं. पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. हदगावहून पैनगंगा ओलांडली की इंग्रजांचा वऱ्हाड लागायचा. शिकण्यासाठी पोरांनी राज्यच बदललं, आणि गावाकडं आईबाप पत्राची वाट बघत राहिले.

१९५० साल मला फार मोठं वाटतं. त्या वर्षी स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानं नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं आणि बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद झालं. नांदेडच्या कॉलेजानं अंतर कमी केलं. मिलिंदचं काम त्याहून खोल. वारावर जेवून शिकण्याची जुनी रीत होती, पण ती जातीपुरती. दलित पोराला शहरात कोणाचा उंबरा होता? कॉलेजला जोडून वसतिगृह मिळालं, तेव्हा खेड्यापाड्यातल्या बापांना पहिल्यांदा एक पत्ता सांगता आला. आज सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात, त्याचं मूळ मला तिथंच दिसतं.

मुलींचं मात्र फार उशिरा जमलं. मला नांदेडला पाठवलं ते मावशी होती म्हणून. माझ्याबरोबर मॅट्रिक झालेली, गणितात माझ्याहून हुशार असलेली मैत्रीण घरीच राहिली, कारण तिचं नांदेडात कोणीच नव्हतं. नांदेड इथून साठ-पासष्ट किलोमीटर. तेवढ्यावर तिचं शिक्षण थांबलं, याचा मला अजून राग येतो.

आता माझ्या पुतणीला दिल्लीला इतिहास शिकायचाय. भाऊ अडून बसलाय. "नांदेडला विद्यापीठ हाय, लातूर हाय, तरी दिल्लीच कशाला?" तो तिच्या हुशारीबद्दल एक अक्षर वाईट बोलत नाही. रात्री-बेरात्री ताप आला तर कोणाला फोन करायचा, एवढंच त्याला कळत नाही. मी वाद घातला नाही. हदगाव-उमरखेडची कोण पोरं तिकडं शिकतात ते शोधलं, त्यांच्या आयांशी बोलले, दोघींचे नंबर भावाला दिले. तो पूर्ण तयार झालेला नाही, पण स्वतः वसतिगृह बघायचं म्हणतो. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस सरळ दिल्लीला जाते. आम्हा तिघांची तिकिटं काढली आहेत.