आज काउंट किती?

तुम्ही उतरता ते तळ्याकाठच्या एका छोट्या गावात. कूपरस्टाउन, न्यूयॉर्क राज्य, 1957. बाहेरची माणसं इथे बेसबॉलचं संग्रहालय बघायला येतात. तुम्ही बॅसेट हॉस्पिटलची वाट धरा. डोनल थॉमस नावाचा डॉक्टर दोन वर्षांपूर्वी बोस्टन सोडून इथे आलाय. बायको डॉटी प्रयोगशाळेत त्याच्या बरोबरीने राबते. प्रयोग कुत्र्यांवर, आणि माणसांवरही.

कल्पना ऐकायला सोपी. ब्लड कॅन्सर जिथे पैदा होतो तो हाडातला मगज किरणांनी आणि औषधांनी जाळून टाकायचा, आणि दुसऱ्याचा निरोगी मगज रोग्याला द्यायचा. तो हाडात भरावाही लागत नाही. शिरेतून सोडला की त्यातल्या मूळ पेशी रक्तातून फिरत फिरत हाड शोधतात आणि तिथे बस्तान बसवतात. मटणाची नळी चोखणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या गराची ही अक्कल कुठली ठाऊक असायला!

पण आता खाटांकडे बघा. सहा रोग्यांना मगज दिला. दोघांमध्ये तो जेमतेम, तोही तात्पुरता रुजला. शंभर दिवसांपलीकडे सहांतलं कोणीही गेलं नाही. थॉमस हे झाकून ठेवत नाही, छापतो. तुम्हाला पुढचं सगळं माहीत आहे. तरी या वॉर्डात उभं राहून ‘चालू ठेवा’ म्हणायला तुमची जीभ रेटणार नाही. साठच्या दशकात बहुतेक डॉक्टरांनी हा नाद सोडला. त्यांना भित्रे म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांच्यासमोर मेलेली माणसं होती, थॉमसचं 1990 चं नोबेल नव्हतं.

घोडं अडलं होतं ते जुळणीपाशी. परका मगज शरीर झिडकारतं, हे एक. तो रुजलाच तर उलटा प्रकार: पाहुणाच यजमानावर उठतो. कातडी सोलवटते, जुलाब थांबत नाहीत, कावीळ होते. नुसता रक्तगट जुळून भागत नाही; पांढऱ्या पेशींचेही गट असतात, आणि त्यांचा पहिला माग पॅरिसमध्ये झाँ दोसेने 1958 मध्ये काढला. सख्ख्या भावंडाशी ते पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक.

आता थॉमसच्या मागोमाग सिएटलला; तिथे फार रेंगाळू नका. 1977 मध्ये थॉमसच्या चमूने तिथल्या 100 रोग्यांचा हिशेब मांडला. सगळे उपाय थकलेली माणसं. त्यांतली 13 तगली. तेराच? सहांतल्या शून्याशेजारी ठेवून बघा.

आता मुंबईतलं परळ. 20 मार्च 1983. गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलंय. तो ना मिटलाय, ना जिंकलाय. टाटा हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणी आपल्या व्हीलचेअरवर आहेत. लहानपणीच्या पोलिओने पाय गेलेले, मगज-रोपण शिकून आले ते सिएटलला, थॉमसकडून. रोगी आहे नऊ वर्षांची मुलगी. मगज तिच्या भावाचा. भारतात हे पहिल्यांदाच होतंय.

देणाऱ्याला भूल देऊन पालथं निजवतात. कमरेच्या मागच्या हाडात जाड सुई पुन्हा पुन्हा घालून सिरिंजने मगज ओढतात. काही दिवस कंबर ठणकते, आणि काढलेला मगज काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. घेणाऱ्याच्या खाटेशी मात्र बघण्यासारखं काही नसतं. स्टँडला लाल पिशवी, शिरेत नळी. रक्त चढवतात तसंच. ‘ऑपरेशन कधी?’ असं विचारणारे नातेवाईक आजही भेटतात. त्यांना सांगावं लागतं, झालं की ते.

त्या दिवसाला म्हणायचं शून्य, आणि तिथून मोजायला लागायचं. जुना मगज जळालाय, नवा अजून रुजलेला नाही. पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या, तोंड फोडांनी भरलेलं, गिळवत नाही, केस उशीवर. तुम्ही खोलीत शिरू नका. तुमच्या साध्या सर्दीनेही अशा रोग्याचा जीव जाऊ शकतो. बाहेर थांबा आणि रोज सकाळी घरची माणसं विचारतात तेच विचारा: आज काउंट किती? दोन ते चार आठवडे उत्तर एकच, ‘अजून नाही.’ माझ्या लेखी हा उपचार म्हणजे मुख्यतः हे दिवस; पिशवी तर काही तासांत रिकामी होते.

पांढऱ्या पेशींचा हा काउंट चढला तरी डॉक्टर लगेच हरखत नाहीत. चढलेल्या पेशी कोणाच्या? जुना मगजच पुन्हा डोकं वर काढत असेल तर आजारही परतायचा. देणारा भाऊ आणि घेणारी बहीण असेल तर ओळखण्याची एक सोय असते: तिच्या पेशींत पुरुषाचं वाय गुणसूत्र सापडलं की नक्की, मगज भावाचाच.

परळची ती मुलगी वाचली. असं वाचलेल्या माणसाचा रक्तगट देणाऱ्यापेक्षा वेगळा असला, तर तोही हळूहळू बदलून देणाऱ्याचा होतो. म्हणजे पाकिटातलं जुनं रक्तगटाचं कार्ड फाडायचं आणि नवं करून घ्यायचं.